एअरपोर्ट सिक्युरिटी चेक: ट्रेमध्ये काय, बॅगेत काय आणि फोनमध्ये काय?

विमानाचं तिकीट काढणं आता लोकलचा पास काढण्याइतकं सोपं झालंय. फोन हातात घेतला, चार वेळा टॅप केलं, झालं. पण पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्याला खरी धाकधूक असते ती सिक्युरिटी चेकची. मागे शंभर माणसं उभी, समोर गणवेशातला जवान, बॅग मशीनमधून पुढे गेली आणि अचानक बाजूला काढली गेली. "ये बैग किसका है?" हे वाक्य ऐकलं की ज्याने काहीही चुकीचं केलेलं नाही त्याच्याही पोटात गोळा येतो.

बॅग बाजूला निघते तेव्हा बहुतेक वेळा तुमच्यावर कुणाचा संशय नसतो. मशीनवर बसलेल्या माणसाला तुमच्या बॅगेच्या आत नीट दिसलेलं नसतं, एवढंच. मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे एकदा कळलं की बॅग कशी भरायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून नियमांच्या आधी मशीन बघू. आणि आपण गिरगाव, दादर, परळ, लालबागवाले असल्यामुळे आपल्या बॅगेत हमखास जाणाऱ्या वस्तूंचाही हिशोब करू. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये घरगुती मसाला आणि प्रसादाचा नारळ सहसा सापडत नाही.

एक्स-रे मशीनला तुमची बॅग कशी दिसते?

बॅगेच्या मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे वापरतात. हलक्या मूलद्रव्यांच्या वस्तू आणि जड मूलद्रव्यांच्या वस्तू हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्या फरकावरून कॉम्प्युटर स्क्रीनवर रंग भरतो. कपडे, कागद, साबण, खाद्यपदार्थ, प्लास्टिक असं सगळं सेंद्रिय नारिंगी दिसतं. स्टील, तांबं, लोखंड निळं दिसतं. मधलं काही, म्हणजे काच किंवा ॲल्युमिनियमसारखं, हिरव्या छटेत येतं. वस्तू जितकी दाट तितका रंग गडद. किरण आरपारच गेले नाहीत तर तिथे नुसता काळा ठिपका उरतो.

लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात ते यावरून समजेल. लॅपटॉप म्हणजे बॅटरी, धातू आणि सर्किटची एक दाट पाटी. ती बॅगेत आडवी असली की तिच्या खालचं-वरचं सगळं झाकलं जातं. चार्जर, केबल, हार्ड डिस्क आणि हेडफोन एकाच कप्प्यात कोंबले की स्क्रीनवर तारांचं जाळं दिसतं आणि ऑपरेटर बॅग थांबवतो. त्याला ते जाळं काही सेकंदांत वाचायचं असतं. तुमच्या जागी तो असता तर तुम्हीही थांबवली असती.

आता गंमत बघा. स्फोटकंही सेंद्रियच असतात, म्हणजे नारिंगीच दिसतात. त्यामुळे नारिंगी रंगाचा मोठा, एकसंध, दाट ठोकळा दिसला की ऑपरेटर सावध होतो. आणि असा ठोकळा आपल्याकडे कशाचा असतो? पेढ्यांच्या दोन किलोच्या बॉक्सचा. एकावर एक रचलेल्या पुरणपोळ्यांचा. जाडजूड पुस्तकांच्या गठ्ठ्याचा. यातलं काहीही नेायला बंदी नाही. फक्त ते बॅगेच्या तळाशी लॅपटॉपखाली दडपू नका, वर सपाट ठेवा. मागितलं तर अर्ध्या मिनिटात उघडून दाखवता येतं.

काही विमानतळांवर सीटी स्कॅनसारखी नवी मशीन्स येत आहेत. ती बॅगेचं त्रिमितीय चित्र दाखवतात, त्यामुळे लॅपटॉप आतच राहू शकतो. पण तुमच्या रांगेत कोणतं मशीन आहे हे तुम्हाला आधी कळत नाही. तेव्हा लॅपटॉप आणि टॅब झटकन निघेल अशाच जागी ठेवा. जवान "अंदर ही रहने दो" म्हणाला तर उत्तम.

माणसांची चौकट वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात एक्स-रे नसतात, चुंबकीय क्षेत्राच्या लहरी असतात. त्या धातूवर पडल्या की धातूत क्षणिक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो चौकटीला जाणवतो. म्हणून जे चुंबकाला चिकटत नाही तेही वाजतं: सोनं, चांदी, पितळ, पट्ट्याचं बक्कल, खिशातली सुट्टी नाणी. आईच्या मंगळसूत्रामुळे बीप झाला तर घाबरायचं कारण नाही. दागिने उतरवायची सक्ती सहसा होत नाही, हातातल्या डिटेक्टरने पुन्हा तपासतात. भारतात चौकट वाजली नाही तरी हाताने तपासणी होतेच. बायकांसाठी पडद्याआड वेगळी जागा आणि महिला जवान असतात. पेसमेकर असलेल्या आजोबांना घेऊन जात असाल तर चौकटीत शिरण्याआधी तसं सांगा आणि डॉक्टरांचं कार्ड दाखवा. ते वेगळी तपासणी करतात.

गणवेशातले हे जवान सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर देशातल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने या दलाकडे गेली. सुरुवात २००० साली जयपूरपासून झाली. नियम ठरवते ती मात्र वेगळी संस्था, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो. हा फरक लक्षात ठेवा, कारण "एअरलाइनने चालेल सांगितलं होतं" हे सिक्युरिटीच्या रांगेत पुरेसं नसतं. ट्रेजवळचा अधिकारी जे ठरवेल ते अंतिम.

पॉवर बँक: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

नियम सरळ आहे. पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायची, चेक-इन बॅगेत कधीही नाही. कारण लिथियम बॅटरी बिघडली की स्वतःच तापत जाते. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो. केबिनमध्ये हे झालं तर कर्मचारी लगेच काही करू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात झालं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानाने उड्डाणाआधीच पेट घेतला. चौकशीत बोट पॉवर बँकेकडे दाखवलं गेलं. त्यानंतर बऱ्याच देशांनी आणि एअरलाइन्सनी नियम कडक केले. भारतातही आता विमानात बसल्यावर पॉवर बँकेने फोन चार्ज करायला मनाई आहे. सोबत ठेवा, वापरू नका. आणि वरच्या कप्प्यात टाकण्यापेक्षा स्वतःजवळ, डोळ्यासमोर राहू द्या.

किती मोठी चालते? मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात आणि आपण दुकानात एमएएच बघून घेतो. हिशोब सोपा आहे: एमएएचला सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. २०,००० म्हणजे ७४. दोन्ही बिनधास्त. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. ३०,००० एमएएचची पॉवर बँक १११ वॉट-अवर होते, तिला एअरलाइनची आधी परवानगी लागते. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही.

खरी अडचण क्षमतेपेक्षा लेबलची येते. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात घेतलेली, वर्षभर बॅगेत घासून अक्षरं पुसलेली पॉवर बँक अधिकाऱ्याच्या हातात गेली की त्याला आकडा दिसत नाही. आकडा दिसला नाही तर ती तिथेच ठेवून घेतली जाऊ शकते. तेव्हा निघण्याआधी एकदा उलटून बघा. फुगलेली असेल तर विमानातच काय, घरीही ठेवू नका.

समजा चुकून चेक-इन बॅगेत राहिली, तर? बॅग काउंटरवरून आत गेल्यावर तिचाही एक्स-रे होतो. तिथे बॅटरी दिसली की बॅग थांबते आणि तुम्हाला बोलावलं जातं. तुम्ही तोपर्यंत वर कॉफी पीत बसलेले असता, नाव पुकारलेलं ऐकू येत नाही, आणि मग एकतर तुम्ही धावता किंवा बॅग मागे राहते. स्मार्ट सुटकेस असेल तर तिची बॅटरी निघते का तेही आधी बघून घ्या. निघत नसेल तर ती सुटकेस घरी. एअरटॅगसारखे छोटे ट्रॅकर मात्र चेक-इन बॅगेत चालतात, आणि ठेवावेतच.

ई-सिगारेटबद्दल एकच वाक्य: भारतात २०१९ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे, त्यामुळे केबिन की चेक-इन हा प्रश्नच येत नाही.

लालबागचा मसाला, सिद्धिविनायकाचा नारळ

मुलगा शिकायला किंवा मुलगी नोकरीला बाहेर निघाली की आपल्याकडे बॅग एकटी भरली जात नाही, अख्खा मजला भरतो. लालबागच्या मसाला गल्लीतून कांडून आणलेला वर्षाचा मसाला, चिवडा गल्लीतला चिवडा, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं, साजूक तुपाची बरणी. यातलं बहुतेक सगळं नेता येतं. कुठल्या बॅगेत ठेवायचं ते मात्र ठरलेलं असावं.

तिखट आणि मसाला चेक-इनमध्ये. तिखटाची पूड डोळ्यात फेकता येते, त्यामुळे केबिन बॅगेत ती दिसली की अडणारच. लोणचं आणि तूपही चेक-इनमध्येच, घट्ट झाकण, त्यावर टेप, त्यावर दोन पिशव्या. परदेशी फ्लाइटला श्रीखंड, आमरस, चटणीची पेस्ट, अगदी पीनट बटरसुद्धा द्रवच धरलं जातं. जे ओतता, फासता किंवा चमच्याने पसरवता येतं ते द्रव, असं समजून चला. चिवडा, चकली, लाडू, शंकरपाळी, उकडीचे मोदक केबिनमध्ये चालतात. मोदकांवरच्या तुपाची वाटी चालत नाही, ते घरीच वाढून घ्या.

नारळाचं प्रकरण जरा किचकट आहे. सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याची वाटी किंवा गोटा, विमान वाहतुकीत धोकादायक मालात मोडतं. त्यात तेलाचं प्रमाण भरपूर असतं आणि ते स्वतःहून तापू शकतं. त्यामुळे एअरलाइन्स ते केबिन आणि चेक-इन दोन्हीकडे नाकारतात. अख्खा नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाला जाणाऱ्या अय्यप्पा भक्तांना २०२४-२५ च्या यात्रेपुरती, जानेवारी २०२५ पर्यंत, इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये न्यायची खास सवलत दिली गेली होती. खास सवलत द्यावी लागली यावरूनच एरवीचा नियम काय ते कळतं. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाऊन तिथून थेट विमानतळ गाठणार असाल तर प्रसादाचा नारळ घरच्यांच्या हाती परत पाठवा, पेढे सोबत ठेवा.

पूजेच्या पिशवीतल्या आणखी दोन वस्तू हमखास अडकतात: काडेपेटी आणि कापूर. कापूर ज्वलनशील घन पदार्थ आहे, दोन्ही बॅगांत चालत नाही. लायटरही नाही. अगरबत्ती चेक-इनमध्ये टाका आणि काडेपेटी पोहोचल्यावर तिथे विकत घ्या. दिवाळीत उरलेल्या फुलबाज्यांचं तर नावच काढू नका.

ट्रेकवाल्यांसाठी दोन ओळी. दादर-परळकडची बरीच मंडळी सह्याद्री झाल्यावर डेहराडून किंवा लेह गाठतात. ट्रेकिंग पोल, चाकू, मल्टिटूल चेक-इनमध्ये. स्टोव्हचा गॅसचा डबा कुठेही नाही, तो तिथे जाऊन घ्या. आणि परदेशातून कुणी मित्र सॅटेलाइट कम्युनिकेटर आणून देत असेल तर तो परवान्याशिवाय भारतात वापरता येत नाही, हे लक्षात असू द्या. यावरून विमानतळांवर परदेशी पर्यटकही अडकलेले आहेत.

शंभर मिलीचा नियम कुठून आला?

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एक कट उघडकीला आला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं उडवायची असा तो बेत होता. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलीची मर्यादा आली. इथे एक बारकावा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मोजतात ते बाटलीचं माप, आतला ऐवज नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाला बोटभर शांपू उरला असेल तरी ती बाटली जाते. सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. औषधं आणि बाळाचं दूध याला सूट आहे, औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. तिची छापील प्रत हवी, कारण फोन ट्रेमध्ये गेलेला असतो.

देशांतर्गत फ्लाइटला पाण्याची बाटली सहसा सोडतात, कधी कधी एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. पण मोठा डिओ किंवा परफ्यूम यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो चेक-इनमध्ये टाकलेला बरा.

फोनमध्ये काय तयार हवं

डिजियात्रा हे ॲप डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झालं. २०२३ मध्ये मुंबई आली. आधारच्या मदतीने नोंदणी करायची, सेल्फी काढायचा, बोर्डिंग पास ॲपमध्ये घेऊन विमानतळाला पाठवायचा. मग गेटवरचा कॅमेरा चेहरा ओळखतो आणि दार उघडतं. फक्त देशांतर्गत प्रवासासाठी.

याचा फायदा नक्की कुठे होतो ते समजून घ्या. टर्मिनलच्या दारावरची ओळखपत्राची रांग वाचते. सिक्युरिटीच्या भागात शिरतानाची कागद तपासणी वाचते. ट्रे आणि एक्स-रेची रांग मात्र सगळ्यांना सारखीच. तिथे चेहरा बघून कुणाची बॅग लवकर सुटत नाही. सुट्टीच्या दिवशी टर्मिनलच्या दारावर गर्दी असते तेव्हा डिजियात्रा खरोखर उपयोगी पडतं. मंगळवारी दुपारी फारसा फरक जाणवत नाही.

दुसरी गोष्ट, ते ऐच्छिक आहे. ॲप चालवणारी डिजियात्रा फाउंडेशन ही संस्था सरकारी खातं नाही. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के वाटा आहे, बाकीचा मुंबईसह काही मोठ्या विमानतळ कंपन्यांचा. तुमची ओळख तुमच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असं संस्था सांगते. यावर विश्वास ठेवायचा की नाही हा तुमचा निर्णय. दारावर कुणी टॅब पुढे करून "इधर देखो, फोटो लेना है" म्हणालं तर हे कशासाठी असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नाही म्हणून साध्या रांगेतून जाता येतं. महिन्यातून दोनदा उडणाऱ्याने ॲप ठेवावं. वर्षातून एकदा गोव्याला जाणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही.

नावाची भानगड आपल्याकडे जास्त. आधारवर "स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव" असं तिहेरी, तिकिटावर दुहेरी, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. मधलं नाव गळलं म्हणून सहसा कुणी अडवत नाही, पण आडनावच वेगळं असेल तर ॲप नकार देऊ शकतं आणि दारावरचा जवानही. तिकीट काढताना जे ओळखपत्र दाखवणार आहात ते समोर ठेवून त्याचप्रमाणे नाव टाइप करा. गॅलरीत असलेल्या आधारच्या फोटोवर भिस्त ठेवू नका. एमआधार ॲप घ्या किंवा मूळ कार्ड खिशात ठेवा.

बोर्डिंग पास वॉलेटमध्ये किंवा पीडीएफ करून ऑफलाइन ठेवा. कारण भुयारी मेट्रोतून येताना नेटवर्कची खात्री नसते, आणि ईमेल शोधायची वेळ नेमकी दारावर येते. फोनची काच फुटलेली असेल तर बारकोड वाचला जात नाही, तेव्हा टर्मिनलमधल्या मशीनवरून कागदी पास काढा. तसाही कागदी पास बरा, कारण फोन ट्रेमध्ये जातो आणि जवान कधी कधी नेमका तेव्हाच पास मागतो. हँडबॅगच्या टॅगवर शिक्का मारायची जुनी पद्धत मुंबईसह सात विमानतळांवर २०१७ मध्ये बंद झाली. घरातली मोठी माणसं "टॅग लावला का?" असं विचारतात ते त्या काळातलं.

आणि बोर्डिंग पासचा फोटो स्टोरीला टाकू नका. पासवर सहा अक्षरांचा पीएनआर आणि तुमचं आडनाव असतं, आणि बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर बुकिंग उघडायला तेवढंच पुरतं. नंबर बोटाने झाकला तरी बारकोडमध्ये सगळं वाचता येतं. लाउंजच्या नावाखाली कुणी लिंक पाठवून ॲप टाकायला सांगितलं तर तेही नको. २०२४ मध्ये बंगळुरूच्या विमानतळावर अशाच बनावट लाउंज ॲपने लोकांचे ओटीपी चोरून पैसे काढले होते.

घरातून निघताना: कुठलं विमानतळ, कुठलं टर्मिनल?

पूर्वी "एअरपोर्टला सोड" एवढं टॅक्सीवाल्याला पुरायचं. आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. तिथून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. बीओएममध्येही टी-१ की टी-२ ते बघा. दोन्हीच्या मध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे आणि एकाच एअरलाइनची विमानं दोन्हीकडून सुटू शकतात. चुकीच्या टर्मिनलवर पोहोचलेला माणूस सिक्युरिटीपर्यंत येतच नाही.

गिरगाव आणि दादरवाल्यांना मेट्रो ३ मुळे मोठी सोय झाली. ऑक्टोबर २०२५ पासून ही लाइन कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावते, आणि टी-१ व टी-२ दोन्हींना स्वतंत्र स्टेशन आहे. गिरगावातून टी-२ ला साधारण पाऊण तास धरा. पहाटेच्या फ्लाइटला मात्र मेट्रो सुरू झालेली नसते, आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच बरी. लालबाग-परळच्या दारातून मेट्रो ३ जात नाही, त्यांना दादर किंवा सिद्धिविनायक स्टेशन गाठावं लागतं. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाल्यापासून परळहून पश्चिमेला जायला वेळ लागतो, तो धरून चला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलट याच मंडळींची चैन: शिवडी हाकेच्या अंतरावर आणि तिथून थेट अटल सेतू.

गणपतीच्या दहा दिवसांत लालबागहून निघणाऱ्याने गूगल मॅप्सवर फार विश्वास ठेवू नये. रस्ता कधी बंद होईल हे मॅपला मंडळाच्या कार्यकर्त्यापेक्षा उशिरा कळतं.

वेळेचं गणित उलट्या बाजूने करा. गेट उड्डाणाच्या साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. देशांतर्गत चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी. म्हणून देशात दोन तास आणि परदेशी फ्लाइटला तीन तास आधी टर्मिनलच्या दारात. तिकीट बुडालं तर स्वस्तातलं भाडं सहसा परत मिळत नाही. परदेशी शिकायला निघालेल्याची तर पुढची कनेक्टिंग फ्लाइट आणि हॉस्टेलचा ताबा असं सगळंच रांगेत अडकतं.

शेजारच्यांचा डबा

चाळीत एकाचा मुलगा जर्मनीला निघाला की दुसरीकडून डबा येतोच. "अरे, आमच्या सोन्याला एवढं दे रे, तिकडे स्टेशनवर घ्यायला येईल." नाही म्हणणं जड जातं. पण बॅग स्वतः भरली का, कुणी काही दिलंय का, हे प्रश्न विमानतळावर विचारले जाऊ शकतात, आणि बॅगेत जे सापडेल ते तुमचंच धरलं जातं. मागाहून "काकूंनी दिलं होतं" सांगून सुटका होत नाही. बंद पुडी कधीच घेऊ नका, कितीही ओळखीची असो. काकूंसमोर डबा उघडा, आत काय ते बघा, पुन्हा स्वतःच्या हाताने भरा. लाडू असतील तर काकूंना वाईट वाटणार नाही. अनोळखी माणसाने टर्मिनलवर "वजन जास्त झालंय, एवढी बॅग तुमच्या नावावर टाका" म्हटलं तर सरळ नकार द्यायचा.

ट्रेपाशी पोहोचल्यावर

रांगेत असतानाच खिसे रिकामे करून सगळं जॅकेटच्या किंवा बॅगेच्या एका कप्प्यात टाका: नाणी, चाव्या, घड्याळ, पट्टा, इअरबड्स. सुटं सामान ट्रेमध्ये पसरलं की तेच मागे राहतं. फोन सगळ्यात शेवटी ठेवा आणि त्याच्यावर काहीतरी ठेवा, म्हणजे पलीकडे उघडा पडून राहत नाही. बॅग मशीनमध्ये शिरली की मगच तुम्ही चौकटीकडे वळा. बॉम्ब हा शब्द थट्टेतही उच्चारू नका. तो गुन्हा ठरू शकतो आणि फ्लाइट तर नक्कीच जाते.

बॅग बाजूला निघाली तर शांतपणे "मेरा है" म्हणा, सांगतील तेव्हाच उघडा, स्वतःहून हात घालू नका. एखादी वस्तू नाकारली गेली तर तीन वाटा असतात. वेळ असेल आणि वस्तू चेक-इनमध्ये चालणारी असेल तर परत काउंटरवर जाऊन बॅगेत टाकायची विनंती करता येते. सोडायला आलेलं कुणी अजून बाहेर थांबलेलं असेल तर एअरलाइनच्या कर्मचाऱ्याला विचारून त्यांच्याकडे देता येते का ते बघा. म्हणून घरच्यांना "मी आत गेलो, तुम्ही निघा" असा मेसेज सिक्युरिटी झाल्यावरच टाका. तिसरी वाट म्हणजे वस्तू तिथेच सोडून गेटकडे चालू लागणं. आजीने दिलेली तुपाची बरणी असेल तर मन लागत नाही, पण गेट बंद व्हायला वीस मिनिटं उरली असतील तर तिसरीच वाट धरा. काही मागे राहिलंच तर कोणत्या टर्मिनलवर, कोणत्या रांगेत आणि किती वाजता ते लगेच फोनमध्ये लिहून ठेवा, कारण विमानतळाच्या हरवले-सापडले विभागात पहिले तीन प्रश्न हेच विचारतात.